रणगाड्याचे कवच : जाडीकडून युक्तीकडे

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा पाठ)



महाभारतातील कर्ण अंगावर कवच घेऊनच जन्माला आला. ते कवच अंगावर असेतो त्याला मारणे अशक्य, म्हणून प्रत्यक्ष इंद्राला ब्राह्मणाचा वेष घेऊन त्याच्या दारी याचक व्हावे लागले. दुर्योधनाची लोककथा याहून निराळी आहे. गांधारीच्या दृष्टिपाताने त्याचा देह वज्राचा झाला. लाजेने झाकलेला मांडीचा भाग तेवढा मऊ राहिला आणि भीमाची गदा नेमकी तेथेच बसली. अभेद्य कवचाची माणसाची ओढ पहिल्या कथेत आहे, आणि कोणत्याही कवचात कुठेतरी एक मांडी उघडी राहतेच, हे शहाणपण दुसऱ्या कथेत आहे. रणगाड्याचा शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास या दोन कथांच्या दरम्यान घडलेला आहे.

रणगाडा म्हणजे जाड पोलादाची चालती पेटी, अशी सर्वसाधारण समजूत असते. पोलाद जितके जाड तितका आतला सैनिक सुरक्षित, हा हिशेब वरवर पाहता बिनतोड वाटतो. वस्तुतः आधुनिक कवचाचे सारे शास्त्र या हिशेबाला सोडचिठ्ठी देऊनच उभे राहिले आहे. आघात अडवणे एवढेच कवचाचे काम नव्हे. आघाताची घडण ओळखून ती मोडणे, हे त्याचे खरे काम होय. या शास्त्रातील भारताचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या हैदराबादेतच लिहिला गेला, म्हणूनही या विषयाला या व्यासपीठावर स्थान आहे.

आरंभ १५ सप्टेंबर १९१६ या दिवसापासून करावा लागतो. फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर ब्रिटिशांनी त्या दिवशी रणगाडे प्रथम उतरवले. त्या पहिल्या रणगाड्यांचे पोलाद ६ ते १२ मिलिमीटर जाडीचे होते. बंदुकीची साधी गोळी थोपवणे एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित होते. जर्मनांनी पोलाद भेदणाऱ्या गोळ्या वापरल्या, १९१८ मध्ये १३.२ मिलिमीटर तोंडाची खास रणगाडाविरोधी बंदूक काढली, आणि भाला व ढाल यांची जी शर्यत त्या वेळी सुरू झाली ती अद्याप संपलेली नाही.

पुढची पंचवीस वर्षे या शर्यतीचे उत्तर जाडी हेच राहिले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या टायगर रणगाड्याची पुढची भिंत १०० मिलिमीटरपर्यंत गेली आणि त्याचे वजन ५७ टनांच्या घरात पोचले. जाडीची खरी अडचण येथेच दिसते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि १०० मिलिमीटर जाड असा पोलादाचा पत्रा सुमारे ७८५ किलो भरतो. जाडी पाचपट केली, तर प्रत्येक चौरस मीटरमागे जवळजवळ चार टन ओझे होते. असा रणगाडा पुलावरून जाणार नाही, ओल्या शेतात रुतेल आणि कोणतेही इंजिन त्याला युद्धात लागणाऱ्या चपळाईने हलवू शकणार नाही. चिलखताच्या ओझ्याने वीराला हातच उचलता येऊ नये, तशी ती अवस्था होईल.

सोव्हिएत संघाच्या टी-३४ रणगाड्याने १९४१ मध्ये या कोड्यातून एक वाट दाखवली. त्याच्या पुढच्या भिंतीचे पोलाद अवघे ४५ मिलिमीटर जाडीचे होते. पण ती भिंत उभ्या रेषेपासून ६० अंश मागे कललेली होती. समोरून आडव्या येणाऱ्या गोळ्याला त्या तिरप्या भिंतीतून ९० मिलिमीटरांचा प्रवास करावा लागे. तिरपा पत्रा लांबीला अधिक लागतो, त्यामुळे वजनाची बचत वाटते तितकी होत नाही. खरा लाभ असा की, त्या काळचा आखूड, जाड गोळा अशा उतारावर आपटून वर घसरून जाई. तथापि हेच पोलाद नुसते तिरपे केल्याने अधिक उपयोगाचे ठरले, ही या शास्त्रातील पहिली मोठी शिकवण होय. जाडीहून युक्ती श्रेष्ठ, हे तेथे प्रथम ठळकपणे सिद्ध झाले.

पुढचे समजण्यासाठी शत्रूच्या भाल्यांचे प्रकार ओळखले पाहिजेत. ढोबळमानाने ते तीन आहेत.

पहिला भाला वेगाचा. तोफेतून एक लांब, बारीक, अतिशय जड कांडी सुटते. ती टंगस्टनच्या मिश्रधातूची किंवा युरेनियमची असते. तोफेची नळी भरून काढण्यासाठी तिच्याभोवती एक हलके वेष्टन असते. नळीबाहेर पडताच ते गळून जाते आणि कांडी तेवढी लक्ष्याकडे धावते. वेग सेकंदाला सुमारे १६०० मीटर. चार किलोच्या अशा कांडीतील ऊर्जा म्हणजे दहा टनांची मालमोटार ताशी ११५ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळावी इतकी. आणि हा सगळा आघात रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर होतो. या कांडीत स्फोटकाचा कणही नसतो. तिरप्या पत्र्यावरून घसरणाऱ्यांपैकीही ती नव्हे.

दुसरा भाला स्फोटकाचा. याच्या पोटात तांब्याचा एक पोकळ शंकू असतो. शंकूचे तोंड लक्ष्याकडे आणि मागच्या बाजूने स्फोटक भरलेले, अशी त्याची रचना. स्फोट झाला की शंकू सर्व बाजूंनी आत दाबला जाऊन आपल्याच मध्यरेषेवर मिटतो आणि त्यातून तांब्याची एक सूक्ष्म धार पुढे फेकली जाते. धारेच्या टोकाचा वेग सेकंदाला ८ ते १० किलोमीटर असतो. ही धार पोलाद वितळवते, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. तिचा दाब इतका प्रचंड असतो की, त्यापुढे पोलादाचा कणखरपणा नगण्य ठरतो आणि पोलाद द्रवासारखे बाजूला सरते. नळाची जोरदार धार ओल्या मातीत भोक पाडत जाते, तसाच हा प्रकार. महत्त्वाची गोष्ट अशी की, या भाल्याला वेगाची आणि म्हणून मोठ्या तोफेची गरज नाही. एका सैनिकाच्या खांद्यावरूनही तो सोडता येतो. अमेरिकेचा बझूका, जर्मनीचा पँझरफाउस्ट आणि नंतरचा सोव्हिएत आरपीजी-७ ही याचीच रूपे.

तिसरा भाला अधिक कपटी. त्यातील मऊ स्फोटक कवचावर आपटून शेणाच्या गोवरीसारखे थापले जाते आणि मग फुटते. कवचाला भोक पडत नाही. पण स्फोटाचा धक्का पोलादातून आरपार जातो आणि आतल्या बाजूचे पोलादाचेच टवके उडून सैनिकांना लागतात. रक्षण करणाऱ्या भिंतीलाच शस्त्र बनवण्याची ही तऱ्हा. आजच्या रणगाड्यांच्या आतील बाजूस बळकट तंतूंचे अस्तर लावतात, ते हे टवके धरून ठेवण्यासाठी.

यांतील स्फोटकाच्या भाल्यांनी रणगाड्याची प्रतिष्ठा कशी ढासळवली, याचे दर्शन भारताने सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील खेमकरणजवळ, असल उत्तर येथे घेतले. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे त्या काळी अजिंक्य समजले जात. त्यांच्या पुढच्या भिंतीचे पोलाद १०० मिलिमीटरांहून अधिक आणि तेही तिरपे. त्यांच्यासमोर ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद उभे होते ते एका उघड्या जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटर धक्कारहित तोफेसह. जीपला कवच मुळीच नव्हते; होता तो उभ्या पिकाचा आडोसा. या तोफेच्या गोळ्याचे बळ वेगात नसून स्फोटकात असते. एकामागून एक रणगाडे निकामी करून ते धारातीर्थी पडले आणि परमवीर चक्राचे मानकरी झाले. नुसत्या पोलादाची सद्दी आता संपत आली आहे, हा अर्थही त्या रणभूमीत दडलेला होता.

तो अर्थ साऱ्या जगाला १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये कळला. ६ ऑक्टोबरला इजिप्तच्या फौजा सुएझ कालवा ओलांडून सिनाईत उतरल्या. पायदळाच्या हाती आरपीजी-७ होते आणि पेटीत घालून नेता येणारी, तारेने दिशा देता येणारी सोव्हिएत क्षेपणास्त्रे होती. त्यांच्यावर चालून गेलेल्या इस्रायली रणगाड्यांची मोठी हानी झाली. काही किलो वजनाचे शस्त्र पन्नास टनांचे यंत्र निकामी करते, हे दिसताच रणगाड्याचे युग संपले, असा निर्वाळा अनेक जाणकारांनी देऊन टाकला. तो घाईचा ठरला. कारण त्या वेळी काही प्रयोगशाळांत कवचाची कल्पनाच बदलत होती.

इंग्लंडमधील चॉबम येथील संशोधन संस्थेत १९६० च्या दशकापासून एका नव्या कवचावर काम चालू होते. १९७६ मध्ये त्याची वाच्यता झाली आणि चॉबम कवच हे नाव रूढ झाले. त्याची नेमकी घडण आजही गुप्त आहे; तत्त्व मात्र सर्वश्रुत आहे. पोलादाच्या दोन भिंतींमध्ये चिनी मातीच्या जातीच्या, अत्यंत कठीण अशा फरशा घट्ट कोंडून बसवायच्या. चहाचा कप हातातून पडला तर फुटतो, ती वस्तू रणगाड्याचे रक्षण काय करणार, अशी शंका साहजिक आहे. उत्तर तिच्या कोंडण्यात आहे. ॲल्युमिनासारखा पदार्थ पोलादाहून पुष्कळ कठीण आणि वजनाने जवळजवळ निम्मा असतो. कांडीचे टोक त्यावर बोथट होते, झिजते. तांब्याची धार घुसली, तर फुटलेल्या फरशीचा चुरा पळायला जागा नसल्याने पुन्हा धारेवरच लोटला जातो आणि तिला विस्कटून टाकतो. फुटणे हा घरातल्या कपाचा दोष. कवचात तोच गुण झाला. अमेरिकेचा अब्राम्स १९८० मध्ये आणि ब्रिटनचा चॅलेंजर १९८३ मध्ये या जातीचे कवच लेवून सैन्यात आले. सोव्हिएत संघाने त्याआधीच टी-६४ रणगाड्यात पोलादाच्या थरांमध्ये काचतंतूंचे थर घालून बहुपदरी कवच वापरले होते.

याच सुमारास दुसरी युक्ती पुढे आली आणि ती ऐकताना तर विश्वास बसत नाही. कवचावर बाहेरून स्फोटकच बांधायचे! दोन पातळ पोलादी पत्र्यांमध्ये स्फोटकाचा थर घालून केलेल्या विटा रणगाड्यावर तिरप्या बसवतात. तांब्याची धार आत शिरताच थर फुटतो आणि दोन्ही पत्रे परस्परविरुद्ध दिशांना झेपावतात. धार तिरपी येत असल्यामुळे सरकता पत्रा तिच्या वाटेत प्रत्येक क्षणी आपला नवा भाग आणून ठेवतो. शिवणयंत्राची सुई चालू असताना कापड ओढत राहिले, तर एकाच जागी भोक न पडता टाक्यांची लांब ओळ उमटते. तसेच येथे घडते. धारेचे बळ एका बिंदूवर न साचता लांबट फटीत वाटले जाते आणि मूळ कवचापर्यंत तिचे तुटके अवशेषच पोचतात. इस्रायलने १९८२ च्या लेबनॉन युद्धात अशा विटा रणात आणल्या. सोव्हिएत संघानेही त्याच दशकात त्या स्वीकारल्या आणि पुढे वेगवान कांडीलाही तडाखा देतील अशा जाड पत्र्यांच्या विटा घडवल्या. साध्या विटेला बंदुकीच्या गोळीने जाग येत नाही, कारण तिचे स्फोटक मुद्दाम मंद स्वभावाचे निवडलेले असते.

भालाही स्वस्थ बसला नाही. एकामागे एक असे दोन शंकू असलेली क्षेपणास्त्रे निघाली. पहिला लहान शंकू विटेला फसवून फोडतो आणि त्याच जागी दुसरा मोठा शंकू आपले काम साधतो. शिवाय फुटलेली वीट एकदाच उपयोगी पडते आणि तिचे उडते पत्रे शेजारून चालणाऱ्या आपल्याच पायदळाला घातक ठरू शकतात. प्रत्येक कवचाची किंमत कोणीतरी मोजतोच.

आता आपल्या गावाकडे वळू. शहराच्या आग्नेय भागातील कंचनबाग हैदराबादकरांना परिचित आहे. तेथील संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने भारताच्या अर्जुन रणगाड्यासाठी बहुपदरी कवच घडवले आणि त्या परिसरावरूनच त्याला ‘कंचन’ हे नाव मिळाले. ज्यांच्याकडे असे कवच होते ते देश त्याचे रहस्य विकत देत नव्हते. तेव्हा ते येथेच शोधावे लागले. अर्जुनच्या प्रकल्पाला १९७४ मध्ये मंजुरी मिळाली आणि रणगाडा सैन्यात दाखल व्हायला २००४ उजाडले. या विलंबावर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. अर्जुनच्या सुमारे ५८ टन वजनावरही आक्षेप होते. तथापि कवचाची विद्या देशात रुजली, हे त्या प्रदीर्घ प्रयत्नाचे फळ विसरता येत नाही.

त्याहून लक्षणीय गोष्ट पुढेच आहे. ज्या प्रयोगशाळेने कंचन कवच घडवले, तिनेच कवच भेदणाऱ्या टंगस्टन कांड्यांचेही तंत्र विकसित केले आणि त्यावर तिरुचिरापल्लीचा कारखाना उभा राहिला. त्याच कंचनबागेत संरक्षण संशोधन व विकास प्रयोगशाळेने ‘नाग’ हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र विकसित केले. रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे बनवणारी, १९७० मध्ये स्थापन झालेली भारत डायनॅमिक्स ही सरकारी कंपनीही मूळची तेथलीच. ढाल आणि भाला एकाच आवारात, एकमेकांच्या शेजारी घडले. यात विसंगती काहीच नाही. भाला कसा घुसतो हे ज्याला ठाऊक, त्यालाच ढाल कशी असावी हे कळते. विषवैद्याला विषाची जाण असावी लागते, तसेच हे आहे.

‘नाग’ क्षेपणास्त्र रणगाड्याच्या समोरून येत नाही. वर चढून छतावर उतरते. येथे दुर्योधनाची मांडी पुन्हा आठवावी. रणगाड्याचे कवच सर्वत्र सारखे नसते, कारण सारखे केले तर वजन आवाक्याबाहेर जाते. सर्वांत जाड भाग समोरचा. बाजू त्याहून पातळ. पाठ, पोट आणि छप्पर सर्वांत पातळ. अमेरिकेचे जॅव्हलिन क्षेपणास्त्रही याच मांडीवर प्रहार करते. युक्रेनच्या भूमीवर २०२२ मध्ये सुरू झालेल्या युद्धात हे जगाने पाहिले. त्या युद्धात काही किलोंचे स्फोटक घेऊन उडणाऱ्या लहानशा, वैमानिकरहित यंत्रांनी मोठमोठे रणगाडे निकामी केले, आणि दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी आपल्या रणगाड्यांवर लोखंडी गजांचे पिंजरे व जाळ्या बांधल्या. शतकभराच्या शास्त्रानंतर सैनिक पुन्हा लोहाराच्या दारी आला.

या प्रहारांना आणखी एक उत्तर शोधले गेले आहे : भाला अंगावर येऊच द्यायचा नाही. रणगाड्यावरील रडार येणारे क्षेपणास्त्र हेरते आणि ते पोचण्यापूर्वीच त्याच्यावर प्रतिमारा करून ते हवेत मोडते. इस्रायलच्या ‘ट्रॉफी’ या यंत्रणेने १ मार्च २०११ रोजी गाझाच्या सीमेवर प्रत्यक्ष रणात असा पहिला बचाव केला. पण सेकंदाला १६०० मीटर वेगाने येणाऱ्या जड कांडीला असे मोडणे फार अवघड आहे. म्हणून जुने कवच टाकून देता येत नाही. नवे त्याच्यावर चढवावे लागते.

एवढे करूनही कवच भेदले गेलेच, तर? आधुनिक रचनाकाराने हा प्रश्न टाळलेला नाही. रणगाडा बहुधा पहिल्या छिद्राने मरत नाही. आतला दारूगोळा पेटल्याने मरतो. टी-७२ रणगाड्यात दारूगोळा बुरुजाखाली, सैनिकांच्या पायाशी वर्तुळाकार मांडलेला असतो. तो पेटला की बुरूजच उडतो. अब्राम्समध्ये बहुतेक दारूगोळा मागच्या बंद कप्प्यात असतो आणि त्या कप्प्याचे छत मुद्दाम कच्चे ठेवलेले असते. स्फोट झालाच, तर आग वर जाते, माणसांकडे येत नाही. इस्रायलच्या मेर्कावा रणगाड्याचे इंजिन पुढे बसवले आहे आणि मागे दार आहे. गोळा प्रथम यंत्राला लागावा आणि माणसाला मागून बाहेर पडता यावे, हा त्यामागचा विचार. यंत्र पुन्हा बनवता येते. कसलेला सैनिक पुन्हा बनवता येत नाही.

कवचाच्या साऱ्या शास्त्राचा अर्थ येथे येऊन ठेपतो. आत तीन-चार तरुण बसलेले असतात. त्यांना बाहेरचे फार थोडे दिसते, इंजिनाच्या घरघरीत फार थोडे ऐकू येते, आणि आपल्या भोवतीची भिंत कोणी, किती काळजीने घडवली हे त्यांना ठाऊक नसते. लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर यांनी सैनिकी जीवनाचा आरंभ या हैदराबाद संस्थानच्या सैन्यात केला होता. १९६५ च्या युद्धात ते पूना हॉर्सचे प्रमुख होते. जखमी असतानाही त्यांनी मागे जाण्यास नकार दिला. त्यांच्या रणगाड्यावर वारंवार मारा झाला आणि १६ सप्टेंबरला तो ज्वाळांनी वेढला गेला. परमवीर चक्र त्यांना मरणोत्तर मिळाले. त्यांचे शौर्य कवचावर अवलंबून नव्हते. परंतु अशा शूरांना परत आणण्याची जबाबदारी कवचावर असते, आणि पर्यायाने प्रयोगशाळेत मान खाली घालून काम करणाऱ्या अनामिकांवर असते.

अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात १९९४ पासून अनेक देशांचे जुने रणगाडे मांडलेले आहेत. सभासदांपैकी कोणाचे तिकडे जाणे झाले, तर त्या लोखंडी भिंतींवर हात ठेवून पाहावा. प्रत्येक भिंत म्हणजे त्या त्या काळच्या भाल्याला दिलेले उत्तर आहे, आणि त्या उत्तरावर नवा प्रश्न निघाल्यामुळेच ती आता संग्रहालयात उभी आहे. शिवछत्रपती १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाच्या भेटीस गेले, तेव्हा अंगरख्याखाली चिलखत घालून गेले. महाराजांना मरणाचे भय होते म्हणून नव्हे. पुढचे कार्य उरले होते म्हणून. कवच अभेद्य आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने वारंवार नकारार्थी दिले आहे. कवच ल्यालेला माणूस काम उरकून घरी परतला की नाही, एवढाच प्रश्न शेवटी उरतो.